हिरव्या पाण्याच्या बरण्या

क्लाउनफिशच्या संसारात अंडी सांभाळायचं काम नराचं. मादी आकारानं मोठी आणि अधिकारानंही मोठी. ती टाकीतल्या फुटक्या कुंडीच्या आतल्या बाजूला केशरी ठिपक्यांचा एक पट्टा चिकटवते आणि फेऱ्या मारायला मोकळी होते. नर मात्र तिथून हलत नाही. पंख हलवून अंड्यांवर ताजं पाणी खेळवत राहतो. एखादं अंडं पांढरं पडलं तर तेवढंच नेमकं वेचून काढतो. काचेजवळ कुणी बोट नेलं तर, स्वतः बोटाएवढाच असून, अंगावर धावून येतो.

शेजारच्या नेत्रानं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सहावीत होती. बराच वेळ उभी राहून बघत होती. मग मला म्हणाली, "अज्जा, हा जेवतो कधी?"

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. टाकी बघायला गल्लीतली सगळी मुलं यायची, "कित्ती छान!" म्हणायची, आणि खेळायला जायची. त्यात चूक काहीच नाही. पण समोरच्या जिवाची बाजू घेऊन प्रश्न विचारणारं मूल क्वचित भेटतं. त्या दिवसापासून ती टाकी माझ्यापेक्षा तिचीच जास्त झाली.

टाकी खरं तर माझ्या पुतण्याची, प्रभंजनची. त्यानं कारवारला समुद्रातल्या जिवांचा अभ्यास केला आणि दोन हजार दोन साली कोचीला नोकरी धरली. जाताना टाकी धारवाडला आमच्या घरी आणून ठेवली. "तिकडं बिऱ्हाड लागेपर्यंत सांभाळा, काका." सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत, समुद्रापासून इतक्या लांब, खाऱ्या पाण्याचे मासे! पाणीसुद्धा कारवारहून बसनं कॅनमधून यायचं. त्याचे मित्र तिकडून चढवायचे, आम्ही स्टँडवर उतरवून घ्यायचो.

अंडी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा पिलं मेली. पहिल्या वेळी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. मोठ्या माशांचं सुकं खाणं कुटून टाकलं, पिलांनी त्याकडं पाहिलंही नाही. मग प्रभंजननं फोनवर समजावलं. पिलं फक्त हलतं-जिवंत खातात. त्यांच्यासाठी रोटिफर नावाचा धुळीच्या कणाएवढा जीव वाढवावा लागतो. रोटिफर खातात हिरवं पाणी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ ज्यात दाटलेलं आहे असं खारं पाणी. आणि ते शेवाळ उन्हावर जगतं. त्यानं दोन्हींचं विरजण बाटल्यांतून पाठवलं. पण दुसऱ्या वेळी पिलं जन्मली आणि हिरवं पाणी मध्येच संपलं. त्याऐवजी बेकरीतलं यीस्ट घालून पाहिलं, तर पाण्याला आंबूस वास सुटला आणि सकाळी टाकीच्या तळाशी सगळी पिलं निपचित पडलेली. नेत्रा त्या दिवशी जेवली नाही, असं तिची आई येऊन सांगून गेली.

त्यातच प्रभंजनचा फोन आला. घर मिळालं, मेमध्ये येऊन जोडी घेऊन जातो.

"म्हणजे आता एकदाच संधी?" नेत्रानं विचारलं.

"बहुतेक एकदाच."

"मग या वेळी आधी स्वयंपाक, मागाहून पाहुणे."

आणि तिनं खरोखर तसंच केलं. माझी थोरली बहीण अंबूताई माझ्याकडेच राहते. ती तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला कलघटगीला गेली होती. तिच्या लोणच्याच्या तीन मोठ्या काचेच्या बरण्या मोकळ्या होत्या. नेत्रानं त्यांत खारं पाणी भरलं, युरियाचे चार दाणे आणि प्रभंजनच्या बाटलीतलं हिरवं विरजण घातलं, आणि बरण्या गच्चीवर उन्हात मांडल्या. शाळेला जाताना एकदा, आल्यावर एकदा, ती प्रत्येक बरणी हलवायची. पाणी आधी फिक्कं पोपटी झालं, मग पालकाच्या रसासारखं दाट. खाली एका बादलीत रोटिफर वाढत होते. भिंग लावून त्यांना बघताना ती म्हणायची, "जेवा, जेवा, लाजू नका."

अंडी झाली. त्यांत चंदेरी डोळे दिसू लागले. पिलं दिवस मावळल्यावर, अंधारातच बाहेर येतात. त्या संध्याकाळी आम्ही टाकीवर घोंगडी टाकली आणि पायरीवर जाऊन बसलो. घोंगडी उचलली तेव्हा पाण्यात नुसते डोळे तरंगत होते. डोळ्यांच्या प्रत्येक जोडीमागं काचेच्या तंतूसारखी एक शेपूट. नेत्रानं तोंडावर हात धरला. बोलली तर पिलं दचकतील, असं तिला वाटलं असावं.

पिलं जगू लागली. मागच्या दोन्ही वेळांपेक्षा जास्त दिवस जगली. त्यांची पोटं भरलेली दिसायची. आणि त्या आठवड्यात अंबूताई परत आली.

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी तेही नाही. कधी येईल याचा नेम नसतो. गल्लीच्या टोकाला कुणीतरी "नीरु बंतु!", पाणी आलं, म्हणून ओरडतं आणि घरोघरी धावपळ सुटते. असतील नसतील तेवढी भांडी रिकामी करून, घासून नळाखाली लावायची. शनिवारी सकाळी अंबूताई बसमधून उतरून घरी पोचते न पोचते, तोच ती आरोळी उठली. मी बाजारात भाजीला गेलो होतो. परत आलो तर तिन्ही बरण्या लखलखीत घासून अंगणातल्या कठड्यावर पालथ्या घातलेल्या.

"काय रे सुमंता," अंबूताई पदराला हात पुसत म्हणाली, "महिनाभर मी नाही, तर माझ्या लोणच्याच्या बरण्यांत शेवाळ धरलंस? घासून घासून हात गेले बघ."

माझ्या हातातली पिशवी खाली गेली. तेवढ्यात शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून नेत्रा फाटकातून आत आली. तिची नजर थेट बरण्यांवर गेली.

मी तोंड उघडणार होतो. समजावणार होतो, सावरणार होतो. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबलो. डोळे भरले होते, तरी ती रडत नव्हती. ती विचार करत होती.

"अज्जी," ती म्हणाली, "त्यातलं पाणी ओतलंत कुठं?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मला फक्त रिकाम्या बरण्या दिसत होत्या. पण आमच्या गावात पाणी गटारात कोण ओततं? जुनं पाणी झाडाला जातं, अंगणाला जातं, फरशीला जातं.

"कुठं म्हणजे? एक बरणी कढीपत्त्याला घातली."

"अगं, मिठाचं पाणी ते!" मी म्हणालो.

"मला काय ठाऊक? कढीपत्ता काही बोलला नाही मला!"

"दुसरी?" नेत्रानं विचारलं.

"दुसरीनं अंगण घासलं. साबण टाकून."

"आणि तिसरी?"

अंबूताईनं कपाळाला हात लावला. "तिसरी... पडवीत, बादलीत ओतली. वर थोडं नळाचं घातलं. फरशी पुसायला म्हणून ठेवलीय. अजून पुसली कुठं!"

नेत्रा पडवीत धावली. तिथं ओळीनं बादल्या भरलेल्या, आणि सावलीत सगळ्यांचं पाणी सारखंच दिसत होतं. तिनं पहिल्या बादलीत बोट बुडवलं आणि चाटलं. दुसरीत बुडवलं आणि चाटलं.

"अय्यो! थूक, थूक ते!" अंबूताई ओरडली. "फरशी पुसायचं पाणी आहे गं, पोरी!"

"ही! ही खारट आहे, अज्जा!"

मी पेल्यात पाणी घेऊन उन्हात धरलं. होतं हिरवं. अगदी फिकं, ओळखीपुरतं, पण हिरवं.

मी कोठीतून खाऱ्या पाण्याचा कॅन आणला, म्हणजे नळाच्या पाण्यानं कमी झालेला खारेपणा भरून निघेल. मग नेत्रा माझ्याकडं वळली. "आता काय करायचं?"

"तू काय करशील?" मी विचारलं.

ती पडवीच्या पायरीवर बसली. बोटानं जमिनीवर रेघा ओढत हळूहळू बोलू लागली. "सगळं आजच रोटिफरना दिलं, तर पिलं आज-उद्या पोटभर जेवतील. मग काहीच उरणार नाही. सगळं बरण्यांत घालून वाढू दिलं, तर ते दाट होईपर्यंत पिलं उपाशी." तिनं मधोमध एक रेघ ओढली. "अर्धं द्यायचं, अर्धं वाढवायचं."

"हं."

"मग सगळ्यांना पुरणार नाही. काही मरतील. हो ना, अज्जा?"

खोटं सांगणं सोपं होतं. "हो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, खालचा ओठ दातात धरला आणि उठून बरणी सरळ केली. मोठमोठ्या माणसांना पेलत नाहीत असे निर्णय मी पाहिलेत; पुढं ढकलत राहतात, दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. ही अकरा वर्षांची पोर बादली तिरकी करून बेतानं पाणी ओतत होती, अर्धं बरणीत, अर्धं रोटिफरना.

अंबूताई इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होती. "म्हणजे मी त्या पिलांच्या तोंडचा घास ओतला की गं."

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं, अज्जी? बरणीवर चिठ्ठी मीच लावायला हवी होती."

नेत्रा रागावली असती तर अंबूताईनं दोन शब्द ऐकवून वाद मिटवला असता. पण हे तिला सोसलं नाही. ती आत गेली, माळ्यावरून आणखी दोन बरण्या काढून आणल्या आणि नेत्रापुढं ठेवल्या.

"ह्याही घे."

"आणि कैऱ्यांचं लोणचं?"

"एक वर्ष लोणच्यावाचून कुणी मरत नाही."

दुसऱ्या दिवसापासून अंबूताईचा मुक्काम गच्चीवर. शेजारच्या नारळाची सावली सरकली की ती बरण्या सरकवायची, हलवायची, उन्हाला नावं ठेवायची. पलीकडच्या गच्चीवरून शांताबाईंनी विचारलं, "अंबक्का, एन माडाकत्तीरी?" काय चाललंय म्हणून.

"लेकरांचा स्वयंपाक!" हिनं उत्तर दिलं.

ते दिवस वाईट होते. रोज सकाळी टाकीच्या तळाशी काही पिलं पडलेली असायची. नेत्रा शाळेच्या कपड्यांत यायची आणि ड्रॉपरनं ती एक-एक उचलून काढायची. मी करतो म्हटलं तर म्हणाली, "नको. मी ठरवलं होतं ना." आणि उरलेल्यांना रोटिफर घालून जायची. तिच्या पाठीमागं मी कितीदा तरी टाकीपाशी उभा राहिलो. मुलांना धीर शिकवता येतो असं मला वाटायचं. पण तो त्यांच्यात आधीच असतो; आपण फक्त मध्ये मध्ये बोलू नये.

बरण्या पुन्हा दाट झाल्या. मरणं कमी झालं, मग थांबलं. राहिलेली पिलं पाण्यात भिरभिरायची थांबून तळाकडं उतरू लागली. अंगावर केशरी झाक आली. पांढरा पट्टा उमटला, तर पिलू खऱ्या अर्थानं मासा झालं, जगलं, असं प्रभंजननं सांगितलं होतं. नेत्रा रोज भिंग लावून बघायची आणि भिंग परत जागेवर ठेवून द्यायची.

एका दुपारी अंबूताईनं मला झोपेतून उठवलं. "ये लवकर. ते बघ, कोपऱ्यातलं." तिचा आवाज कुजबुजीएवढा, आणि अंबूताई कधी कुजबुजत नाही. मी वाकलो. पिलाच्या डोक्यामागं धाग्याएवढा पांढरा पट्टा होता. शेजारच्या पिलालाही.

"नेत्राच्या शाळेत सांगून येऊ?" मी म्हणालो.

"खबरदार!" अंबूताईनं माझा दंड धरला. "तिचं तिला दिसू दे."

संध्याकाळपर्यंत ती टाकीपासून लांब, स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिली. शांताबाई येऊन गेल्या, दूधवाला येऊन गेला, आणि जी बाई फोडणी दिली तरी चार घरांना कळवते, तिनं ओठ घट्ट मिटून ठेवले.

नेत्रा आली. दप्तर पाठीवर तसंच ठेवून टाकीपुढं वाकली. भिंग घ्यायला हात पुढं गेला आणि मध्येच थांबला.

"अज्जी!" ती किंचाळली. "पट्टा! अज्जी, पट्टा आला!"

"हो का?" अंबूताई दारातून उठली आणि चष्मा शोधत असल्यासारखी डोळे बारीक करत पुढं आली. "कुठं गं? मला मेलीला दिसतच नाही. दाखव बघू."

नेत्रानं तिचा हात धरून तिला टाकीपुढं बसवलं, आणि काचेवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली.