पाचवी ओळ

मी बोलतोय तो टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणातून. माझ्या अंगावर जुन्या पावत्या, एक गंजलेली कात्री आणि सुतळीचा गुंडा आहे. मी विम्याचा कागद. काम करताना कामगाराला इजा झाली, तर त्याचं औषधपाणी व्हावं आणि घरी बसल्या दिवसांचा पगार मिळावा, म्हणून माझा जन्म झाला. माझं आयुष्य बरोबर एका वर्षाचं. त्यातला आज शेवटचा दिवस.

माझे मालक वह्या बांधतात. कारखाना कसला, दोन खोल्या. एकीत कागद कापायचं यंत्र, दुसरीत शिवण आणि डिंकाचे डबे. जिकडे तिकडे कातरणांचा ढीग, म्हणजे मी आलो तो गोतावळ्यातच. हौसेनं मात्र मला कोणी आणलं नाही. एका मोठ्या दुकानानं अट घातली, कामगारांचा विमा असेल तरच वह्यांचं काम देऊ. मग विमावाल्याला बोलावणं गेलं.

माझ्या अंगावर कामगारांच्या नावांसाठी पाच ओळी होत्या. चार पटापट भरल्या. विमावाल्यानं कापायच्या यंत्राकडे पेन रोखलं. ‘‘आणि ते?’’

‘‘ते माझे थोरले भाऊ. दादा,’’ मालक म्हणाले. ‘‘वडिलांच्या जागी आहेत. हे काम त्यांनीच शिकवलं मला. त्यांना कामगार म्हणून लिहू? जीभ झडेल माझी.’’

‘‘अहो, कागदाला नातं कळत नाही. महिन्याला काही देता ना त्यांना?’’

‘‘घरखर्चाला देतो. त्याला कुणी पगार म्हणतं का?’’

विमावाल्यानं आणखी एकदा सांगून पाहिलं आणि नाद सोडला. पाचवी ओळ कोरी राहिली. यंत्र तेव्हा बंद होतं, दादा पाठमोरे उभे राहून पातं पुसत होते.

मग मी खणात गेलो. मला वाचणं म्हणजे संकटाला आमंत्रण, अशी माणसांची समजूत असते. पैसे मोजून विकत घेतात आणि पुन्हा तोंड बघत नाहीत. मला त्याची सवय आहे.

चौथ्या महिन्यात वह्या शिवणाऱ्या मावशींच्या पावलावर कागदाचा गठ्ठा पडला. हाड मोडलं. तेव्हा मला बाहेर काढलं, धूळ झटकली. तिसऱ्या ओळीत मावशींचं नाव होतं. सहा आठवडे त्या घरी होत्या आणि त्यांचा पगार घरी जात होता. परत आल्यावर मालकांना म्हणाल्या, ‘‘पाय मोडला, पण घर नाही मोडलं.’’ त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

नवव्या महिन्यात शाळा उघडायच्या तोंडावर कामाची झुंबड उडाली. त्या यंत्राला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली, तरच पातं खाली येतं. काम लवकर उरकावं म्हणून दादांनी एका बटणात लाकडी पाचर ठोकली होती. एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं कागद सारखा करायचा. दुपारी तीनच्या सुमारास यंत्र थांबलं आणि मावशी मोठ्यानं ओरडल्या. दादांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मला पुन्हा बाहेर काढलं. विमा कंपनीचा माणूस माझ्या ओळींवरून दोनदा बोट फिरवत गेला. ‘‘यात त्यांचं नाव नाही.’’

‘‘खाली जागा आहे की,’’ मालक म्हणाले. ‘‘आत्ता लिहा.’’

त्या माणसानं नकारार्थी मान हलवली. दादांची बायको दाराशी उभी होती. मालकांच्या त्या वहिनी, कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, तेव्हाही त्यांनी आवाज चढवला नाही. ‘‘यादीत नाहीत म्हणजे काय, भावजी? मग सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हे रोज कुठे होते?’’

इस्पितळासाठी मालकांनी शिवणयंत्र विकलं, पण दादांचा हात काही परत आला नाही. मी खणात पडून राहिलो. ती कोरी ओळ मला सगळ्या लिहिलेल्या ओळींपेक्षा जड वाटायची.

आज विमावाला नवा कागद घेऊन आला. दादा स्टुलावर बसून डाव्या हातानं वह्या मोजत होते. मालकांचं पेन पहिल्या ओळीवर अडलं.

‘‘लिही,’’ दादा म्हणाले. ‘‘पहिलं माझं. काम, वह्या तपासणं.’’

‘‘दादा, त्या दिवशी मी...’’

‘‘त्या दिवशी मी पाठमोरा होतो, बहिरा नव्हतो. तू मला कामगार म्हणाला नाहीस, ते ऐकून बरं वाटलं होतं मला. म्हणून गप्प बसलो.’’ पुढची वही उचलत ते म्हणाले, ‘‘आणि जे देतोस ना, त्याला आता पगार म्हण.’’

मालकांनी पहिल्या ओळीत नाव लिहिलं आणि दादांनी त्यापुढे डाव्या हातानं सही केली. अक्षरं वेडीवाकडी आली.

छोटे कारखाने चालवणाऱ्यांनो, मला खुशाल खालच्या खणात टाका. पण टाकण्याआधी एकदा मान वर करून खोलीभर बघा. तुमचं सगळ्यात जवळचं माणूस कुठल्या यंत्रापाशी उभं आहे, आणि त्याचं नाव माझ्या अंगावर आहे का, एवढं पाहा.

उद्या मी कातरणांच्या ढिगात जाईन. माझी पाचवी ओळ अजून कोरीच आहे.