देवमासा पाहिलेली काठी

मित्रांनो, बेटावरच्या अतिथीगृहाच्या दारामागे जी जुनी काठी टेकून उभी असते, ती मी. होड्या बांधणाऱ्या एका सुताराने मला मोडक्या वल्ह्यातून घडवले. पुढे कितीतरी पाहुणे मला घेऊन किनाऱ्यावर फिरले. "काठी मोठी भक्कम आहे!" असे म्हणत. मग घडीच्या, चकचकीत काठ्या आल्या आणि माझ्या नशिबी जळमटे काढणे आले. मी मेले नव्हते एवढेच!

एका हिवाळ्यात एक निवृत्त बसचालक आणि त्यांची बायको मुक्कामाला आली. अर्धांगवायूनंतर आजोबा उजवा पाय ओढत चालत. वर्षभर त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बायकोनेच हट्टाने त्यांना समुद्रावर आणले होते.

"काठी घेतली की माणूस म्हातारा दिसतो," ते कुरकुरले.

"आणि आपटल्यावर काय दिसतो, पैलवान?" बाईंनी मला त्यांच्या हातात कोंबले.

बाहेर थंडी हाडांत शिरत होती. वाळू गारठून टणक झाली होती. बाईंनी शाल कानांवरून ओढून घेतली. आजोबा मला दोनदा टेकवून पाहिल्याशिवाय पाऊल टाकत नव्हते. ते भीतीने, हे मला कळत होते. पाच पावले चालायचे, थांबायचे, "परत जाऊ या का?" म्हणायचे. बाई दोन पावले पुढे जाऊन थांबत. असे करत आम्ही काळ्या खडकांपाशी पोहोचलो.

तेवढ्यात समोरच्या पाण्यातून जोरात 'फुस्स' असा आवाज आला.

"अगं, हा तर एअर ब्रेकचा आवाज!" आजोबा दचकले.

पाण्यातून वाफेचा उंच फवारा उडाला. त्याखालून काळी, ओली पाठ वर येऊ लागली. ती येतच राहिली, संपेचना. देवमासा! त्याच्या कुशीला लागून त्याचे पिल्लू होते. खडकांच्या पुढे समुद्र एकदम खोल होता, म्हणून ती दोघे इतकी जवळ आली होती. मग आईची शेपटी वर उठली, तिच्यावरून धारा ओघळल्या, आणि एवढे मोठे धूड जराही आवाज न करता पाण्यात उतरले.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. आजोबांनी मला केव्हाच सोडले होते. हात जोडून ते ताठ उभे होते.

मी मात्र घरंगळत खडकांजवळच्या उथळ पाण्यात गेले. लाट मला ओढू लागली.

"माझी काठी!" आजोबा ओरडले.

"जाऊ द्या हो, दुसरी मिळेल!"

"दुसरीने नाही आणलं मला इथवर. हात धर माझा."

बायकोचा हात धरून ते घोटाभर पाण्यात उतरले, वाकले आणि त्यांनी मला उचलले. मग दोघे आपल्या भिजलेल्या पायांकडे बघून लहान मुलांसारखी हसत सुटली.

खोलीवर त्यांनी मफलरने मला पुसले, बायकोच्या डोक्याचे तेल चोळले. दुसऱ्या दिवशी न सांगता मला घेऊन तेच दाराशी उभे राहिले. "चल ना," ते बायकोला म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी चालायला घाबरत असेल. त्यांना नुसती काठी देऊन मोकळे होऊ नका, त्यांच्याबरोबर चार पावले चाला. आणि परत आल्यावर काठी ओली असेल, तर तेवढी पुसून ठेवा. लाकूड कुजते हो.