घरी जायचे कपडे

“नाडी काढावी लागेल,” शिवणवाली म्हणाली. “घाबरू नका, फेकत नाही मी. नाव लावून ठेवते.”

सकाळीच दाखल झालेल्या मुलीने पडद्याआडून हात बाहेर काढला. हातात तिची विजार होती आणि ती काही केल्या सुटत नव्हती. नर्सने एकेक बोट उकलून ती सोडवली. शिवणवालीने नाडीचं टोक धरलं, झटक्यात ओढून काढली, सेफ्टी पिनेला रबरी पट्टी अडकवून नेफ्यातून फिरवली आणि दोन टाके घातले. चार मिनिटांचं काम. पिन परत स्वतःच्या खिशात गेली. विजार पडद्याआड गेली.

मनोरुग्णांच्या त्या दवाखान्यात बायकांच्या विभागाचे कपडे तिच्याकडे होते. वीतभरापेक्षा लांब दोरी नको, गिळता येईल असं बटण नको, टोचेल असा हूक नको. येणाऱ्या प्रत्येकीच्या अंगावरून एवढ्या गोष्टी उतरवायच्या आणि दवाखान्याचा करडा झगा द्यायचा, ज्याला पाठीवर तीन आखूड बंद. झग्याखालची विजार सोडली तर बायकांचे स्वतःचे कपडे गाठोड्यात बांधून, क्रमांक घालून कपाटात. त्यांना दवाखान्यात ‘घरी जायचे कपडे’ म्हणत. बावीस वर्षं तिने हेच केलं होतं. काही गाठोडी दोन महिन्यांत सुटायची. काही कपाटातच जीर्ण होऊन जायची.

पडदा सारायच्या आत मोठ्या सिस्टर दारात आल्या.

“एकशे बाराचं गाठोडं काढा. भाऊ येतोय तिचा, तीनला.”

“येतोय, की मागच्यासारखंच?”

“गाडीत बसलाय म्हणाला. फोन केला होता.” सिस्टर जायला वळल्या, मग थांबून म्हणाल्या, “जरा नीट करा हो तिचं. माणसात जाईल असं.”

एकशे बारा म्हणजे मास्तरीणबाई. अकरा वर्षांपूर्वी आल्या तेव्हा रात्रंदिवस फळ्यावर लिहिल्यासारखा हात भिंतीवर फिरवायच्या. तीन वर्षांत बऱ्या झाल्या. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. पण न्यायला घरचं माणूस यायला हवं आणि सही करायला हवी, असा नियम. घरचं माणूस म्हणजे एक धाकटा भाऊ. त्याने एकदा कळवलं, घराला रंग काढलाय. एकदा कळवलं, मुलीची परीक्षा आहे. तिसऱ्यांदा काहीच कळवलं नाही, नुसता आला नाही.

शिवणवालीने गाठोडं सोडलं. निळा, कॉलरचा, समोर सात बटणांचा झगा. तिन्ही वेळा तिनेच तो मास्तरीणबाईंच्या मापाचा केला होता. एकदा त्या अंगाने सुटल्या होत्या म्हणून कंबर उसवली, नंतर रोडावल्या म्हणून दोनदा आत घेतली. जुन्या टाक्यांच्या तीन ओळी कापडावर भोकाभोकांनी तशाच दिसत होत्या. कॉलरखाली कसर लागली होती. खालून तिसरं बटण नव्हतं. तिने घड्याळात पाहिलं. साडेबारा.

“आला नाही तर परत ठेवायला सोपं जाईल असे कच्चे टाके घाल,” दारातून आवाज आला.

मास्तरीणबाई नेहमीच्या वेळेला आल्या होत्या. पाच वर्षांपासून दुपारी शिवणखोलीत बसायची त्यांना परवानगी होती. त्या घड्या घालायच्या, पेपर मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि शिवणवालीच्या बोलण्यातल्या चुका काढायच्या. त्यांनी करडा झगा रोजच्यासारखाच उलटा घातला होता. पाठीची बाजू पुढे, आणि तिन्ही बंदांच्या गाठी कोटाच्या बटणांसारख्या छातीवरून खाली एका रेषेत. नर्सा सांगून सांगून थकल्या होत्या. मास्तरीणबाईंचं उत्तर ठरलेलं: “पाठीवरची गाठ दुसऱ्याने मारायची असते. मी दुसऱ्याची वाट बघत नाही.”

“कच्चे कशाला?” शिवणवाली म्हणाली. “गाडीत बसलाय म्हणे.”

“गाडी उलट्या दिशेलाही जाते.”

पण त्या मुकाट पडद्याआड गेल्या. शिवणवाली हरवलेल्या बटणाच्या जागी दुसरं लावून आता कॉलरखालच्या भोकासाठी झग्याच्याच दुमडीतून बोटभर कापड कापून ठिगळ लावत होती. रंग जुळायला हवा होता, पण दुमडीतलं कापड उन्हात गेलेलं नव्हतं, ते नव्यासारखं गडद निळं निघालं. बाहेरचं सगळं विटलं होतं.

झगा अंगावर चढला. कंबर पुन्हा चार बोटं सैल होती. मास्तरीणबाईंनी पहिलं बटण काजात घालायला घेतलं. ते निसटलं. अकरा वर्षांत त्यांच्या बोटांनी एकही बटण लावलं नव्हतं; मागच्या तिन्ही खेपांना शिवणवालीनेच लावून दिली होती. त्या नेटाने खालपर्यंत गेल्या आणि शेवटी एक काज उरलं. वरपासून एक घर चुकलं होतं.

शिवणवालीचा हात आपसूक पुढे गेला.

“थांब,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “वेळ लागेल, पण माझं मला लावू दे.”

त्यांनी सगळी बटणं काढली आणि पुन्हा लावली. कपाळावर घाम आला होता.

शिवणवाली गुडघ्यांवर बसून कंबरेला चुण्या घालू लागली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बोलायचं काम नव्हतं, ते बरंच झालं. तिचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. ती भावाकडे राहायची, बोळातल्या खाटेवर. दवाखान्यातून सहाला सुटून घरी जावं तर खाटेवर कुणाचं तरी काही तरी ठेवलेलं असायचंच. भाचीच्या गणवेशाची उसवलेली बाही, भावाच्या सदऱ्याची कॉलर. वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणायची, “बसल्या बसल्या तेवढं करून टाका हं.” कुणी वाईट वागत नव्हतं. पण बोळातून कुणी दिवा मालवून जाताना विचारतही नव्हतं, ती झोपली की जागी आहे. दिवसाकाठी तिला नावं ठेवणारी, दटावणारी, “आज जेवलीस का गं?” असं विचारणारी एकच व्यक्ती होती, आणि तिच्याच कंबरेला ती टाके घालत होती.

तिने टाचण्या काढून पेटीत ठेवल्या.

“बाई, एक सांगू? मागच्या खेपेला तुमचा भाऊ आला नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं.”

“माहीत आहे. त्या दिवशी तू मला दोनदा चहा दिलास.”

शिवणवालीचे डोळे भरून आले. मास्तरीणबाईंनी तिच्या डोक्यावर टपली मारली. “ऊठ आता. चुणी डावीकडे जास्त आलीये.”

भाऊ खरंच आला. तीनला दहा मिनिटं असतानाच आला. नियमाप्रमाणे बाई आणि तिचं गाठोडं नेत असल्याची सही शिवणखोलीत करायची असते, म्हणून सिस्टरांनी त्याला तिथेच आणून सोडलं. पन्नाशीचा, वाकलेला, हातात टोपी. चेहऱ्यावर माफी मागायला आलेल्या पोरासारखे भाव.

“ताई,” तो म्हणाला. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, “छान दिसतेयस.”

“बस.”

तो स्टुलावर बसला. मास्तरीणबाई उभ्याच राहिल्या. त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, कपड्यांकडे बघत होत्या. वह्या तपासताना बघत असतील तशा. शिवणवालीनेही पाहिलं, आणि जे तिला दिसलं ते त्यांनाही दिसलं असणार. पॅन्टची दुमड स्टेपलच्या पिना मारून बसवलेली होती, आणि त्यातल्या दोन गंजल्या होत्या. कोटाला तीनपैकी एकच बटण, तेही तारेने पिळून अडकवलेलं. सदऱ्याची कॉलर मळलेली नव्हती, पण इस्त्री फक्त पुढच्या भागाला केलेली. कोट बंद ठेवला की दिसतो तेवढ्याच.

“पिना कुणी मारल्या?”

भावाने पाय स्टुलाखाली घेतले. “मीच. घरी स्टेपलर होता ऑफिसातला.”

“ती कधी गेली?”

शिवणवाली उठून बाहेर जायला निघाली, तशी मास्तरीणबाईंनी न बघताच तिचं मनगट धरलं.

“आठ महिने झाले,” भाऊ म्हणाला. “तुला कळवणार होतो. तुला त्रास होईल म्हणून...”

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? मुलगी सासरी. बायको नाही. घरात करायला कुणी नाही. म्हणून आता ताई बरी झाली.”

“तसं नाही गं. घर तुझंच आहे.”

“मागच्या वर्षी नव्हतं?”

भाऊ टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला. मग म्हणाला, “ती घाबरायची तुला. रात्री दार लावून घ्यायची. मी तरी काय करणार होतो?”

“मीही घाबरायचे मला,” मास्तरीणबाई हळू म्हणाल्या. “तिची चूक नाही. तुला मात्र एकदा नुसतं भेटायला यायला काय झालं होतं?”

तो रडला नाही, पण त्याचा हात कोटाच्या त्या तारेच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला, झाकल्यासारखा.

शिवणवालीला राहवेना. “बाई, आगीतून फुफाट्यात जाताय तुम्ही. मला ठाऊक आहे भावाचं घर कसं असतं ते. सकाळपासून रात्रीपर्यंत...”

“मलाही ठाऊक आहे गं.”

“मग नाही म्हणा! इथं मी आहे.”

मास्तरीणबाई तिच्याकडे वळल्या. “तू सहाला घरी जातेस,” त्या म्हणाल्या. “मग बाहेरून कडी लागते. याच्याकडे कडी निदान आतून असेल.”

मग त्यांनी शिवणाच्या पेटीतून जाड दोऱ्याचं रीळ काढलं, बटणांच्या डब्यात बोट फिरवून जवळजवळ सारखी अशी तीन काळी बटणं निवडली आणि भावाच्या मांडीवर ठेवली.

“कोट काढ. सुई ओव.”

“ताई, घरी गेल्यावर...”

“घरी गेल्यावर मीच लावीन, आणि मग जन्मभर मीच लावत बसेन. आत्ता ओव.”

“पाचची गाडी चुकेल.”

“मी अकरा वर्षं थांबले. तू तीन बटणं थांब.”

त्याने दोरा ओला केला. भोक सापडेना. शिवणवालीने सवयीने हात पुढे केला आणि मागे घेतला. पाचव्या खेपेला दोरा ओवला गेला. मास्तरीणबाई त्याच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या, चुकणाऱ्या मुलाच्या बाकामागे उभं राहावं तशा.

“गाठ मार आधी. आता खालून वर. एवढी ओढू नकोस, कोटाला लावतोयस, भिंतीला नाही. जरा ढिला ठेव. हं. आता मुळाशी वेढे दे.”

“किती?”

“पडणार नाही इतके.”

पहिलं बटण वाकडं बसलं. दुसऱ्याच्या वेळी सुई अंगठ्यात गेली. तिसरं बऱ्यापैकी जमलं. मास्तरीणबाईंनी ते ओढून पाहिलं आणि मान हलवली.

“आणि ऐक. स्वयंपाक एक दिवस मी, एक दिवस तू. माझ्या खोलीला दार हवं. मी शिकवण्या घेईन, मुलं येतील, तू आवाजाची तक्रार करायची नाही. आणि कुणाला माझ्याबद्दल सांगताना आजारी होती म्हणायचं, गावाला गेली होती म्हणायचं नाही. हे सगळं पटत असेल तर सही कर. नाही तर तुझी गाडी पाचला आहे.”

भावाने कोट अंगात घातला. तिन्ही बटणं लावली, सावकाश. मग खिशातून पेन काढलं आणि शिवणवालीने पुढे केलेल्या वहीत एकशे बाराच्या पुढे सही केली. सही झाल्यावर त्याने वही लगेच सोडली नाही. “शिकवण्यांना ती पुढची खोली घे,” तो वहीकडे बघतच म्हणाला. “तिथं उजेड बरा आहे.”

निरोप घ्यायला फारसा वेळ नव्हता. मास्तरीणबाईंनी काढलेला करडा झगा घडी घालून टेबलावर ठेवला, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

“पत्र लिहीन. उत्तर स्वतः लिहायचं, कुणाकडून लिहून घ्यायचं नाही.”

“माझं अक्षर वाईट आहे.”

“म्हणूनच.”

त्या गेल्या. शिवणवाली मशीनवर बसली, पण पायाने मशीन चालवावंसं वाटेना. ती उठून खिडकीशी आली. तिथून फाटकापर्यंतचं अंगण दिसायचं. भाऊ पिशवी घेऊन पुढे चालत होता. त्याच्या पॅन्टची एक दुमड सुटून टाचेखाली येत होती, आणि मागून येणाऱ्या मास्तरीणबाईंनी ती नक्कीच पाहिली होती, पण त्या काही बोलल्या नाहीत. पहारेकऱ्याने मोठ्या फाटकातलं छोटं दार उघडलं. भाऊ वाकून बाहेर गेला.

मास्तरीणबाई उघड्या दारासमोर येऊन थांबल्या. हात दोन्ही बाजूंना सरळ, नजर समोर. बाहेरून भावाने हाक मारली असावी. त्या हलल्या नाहीत. पहारेकऱ्याने हाताने ‘चला’ केलं, तरीही नाही. भाऊ वाकून आत डोकावला. शिवणवालीने खिडकीचे गज धरले. तिच्या लक्षात आलं. जेवणघर असो, अंघोळीची जागा असो, या दवाखान्यात कुठल्याही दारातून बाई जायची ती कुणी तरी मोजल्यावर. न मोजता पाऊल टाकलं की ओरडा बसायचा.

पहारेकरी म्हातारा होता, जुना होता. तो क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली, सावरून उभा राहिला आणि खिडकीपर्यंत ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला,

“एक.”

मास्तरीणबाईंनी कॉलर नीट केली आणि उंबरा ओलांडला.