लोखंडी पुलाखालची ग्वाग्वा

लास हिगेरासच्या दरीत पाऊस असा पडतच नाही. कधी चार थेंब आले तर लोक अंगणात येऊन तोंड वर करून उभे राहतात. त्या सकाळीही सगळे तसेच उभे होते, आणि हसणं ओठांवरून जायच्या आत वरच्या डोंगरातून चिखलाचा लोंढा सुटला.

एर्मिंडाच्या कडेवर तिची तान्ही पोर होती. लग्नानंतर फार वर्षांनी, चाळिशीच्या तोंडावर तिची कूस उजवली होती. पोरीचं नाव रोसाल्बा. पण चिलीच्या त्या मुलखात तान्ह्या मुलाला नावानं कोण हाक मारतंय? मुलगा असो की मुलगी, पायावर उभं राहीपर्यंत ती सगळ्या गावाची 'ग्वाग्वा'. नवरा वरच्या खाणीत कामाला होता आणि फोन केव्हाच मुके झाले होते.

गावातली एकुलती एक बस नोल्बेर्तोची. ती खच्चून भरली होती.

"पोरं आणि म्हातारे आधी," नोल्बेर्तो खिडकीतून सांगत होता. "बाकीच्यांनी डोंगर चढा. मी परत येतो."

त्याची बायको उबरलिंडा मागच्या खिडकीशी बसली होती. तिनं दोन्ही हात बाहेर काढले. "आण गं तिला इकडे. तू डोंगराच्या धारेवरून उतर, खाली शाळेत भेटू."

एर्मिंडानं पोर खिडकीतून आत दिली. शाल खिळ्याला अडकली, ती तिनं सोडवली. बस गेली. मोकळे हात कुठं ठेवायचे हे तिला कळेना. डोंगर चढतानाही ती ते छातीशीच धरून चालत होती.

धारेच्या पलीकडे सान इसिद्रो. तिथल्या शाळेत ती पोचली तेव्हा दुपार कलायला आली होती. वर्गावर्गात सतरंज्या पसरल्या होत्या, पातेल्यात सूप उकळत होतं. एर्मिंडा प्रत्येक वर्गात डोकावली. वरच्या गावचं एकही मूल दिसेना, उबरलिंडा दिसेना.

दारात ओरेस्तेस उभा होता. हा क्यूबाचा तरुण द्राक्षांच्या शेडमध्ये कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. भाषा तीच स्पॅनिश, पण पहिल्याच आठवड्यात मुकादमानं त्याला 'आल तिरो' ये म्हटलं, तेव्हा हा खोक्यांच्या आड दडून बसला होता. इथं त्याचा अर्थ 'आत्ताच्या आत्ता'. त्याच्या कानाला मात्र त्यात बंदुकीचा बार ऐकू आला. शेडमधले लोक अजून त्यावरून त्याची टर उडवत. आज कोणी उडवत नव्हतं. सकाळपासून त्यानं माणसं खांद्यावर घेऊन नदीपार केली होती, आणि पुलाकडून परतलेला तो एकटाच होता.

एर्मिंडानं त्याचा दंड धरला. "वरच्या गावची ग्वाग्वा बघितलीस का रे?"

"लास हिगेरासची ना? बघितली." त्यानं कपाळ पुसलं. "लोखंडी पुलाखाली पडलीय. उलटी."

"उलटी?"

"पाण्यानं आपटत आणली असणार, बाई. पार चेंदामेंदा झालाय. आत सगळा चिखल. आता तिची वाट बघण्यात अर्थ नाही."

ओरेस्तेसला वाटलं, ही बाई गावी परत कसं जायचं या घोरात पडलीय. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "जीवाला लावून घेऊ नका. पाणी उतरलं की दोर लावून ओढून काढतील. नाहीच निघाली तर राहील तिथं. दुसरी मिळेल की."

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. एकदा, मग पुन्हा. तो मागं सरला नाही, हातही उचलला नाही. नुसता बघत राहिला. मग ती उंबऱ्यावरच बसली. रडू येत नव्हतं. गळ्यातून कुत्र्यासारखा बारीक आवाज येत होता आणि तो आपलाच आहे हेही तिला उमगत नव्हतं.

सूप ढवळणारी मिरेया धावत आली. "काय बोललास हिला?"

"ग्वाग्वा पुलाखाली गेली, एवढंच."

"आणि दुसरी मिळेल म्हणालास? माणूस आहेस का कोण? आईसमोर?"

"कुणाची आई?" ओरेस्तेस पुरता गोंधळला. "सरकार देईल ना दुसरी. चार चाकं आणि पत्रा, त्याला काय—"

मिरेयाच्या हातातला डाव तसाच राहिला. "थांब. तुमच्याकडे ग्वाग्वा म्हणजे काय?"

"काय म्हणजे? बस."

"देवा रे," मिरेया म्हणाली. "अरे, आम्ही बसला मिक्रो म्हणतो. ग्वाग्वा म्हणजे तान्हं मूल."

ओरेस्तेसचा चेहरा राखेसारखा झाला. तो एर्मिंडासमोर गुडघ्यांवर बसला. "मी पत्र्याचं बोलत होतो, बाई. आईची शपथ. मूल नाही बघितलं मी, बस बघितली." भोवती जमलेल्यांनी सुटकेचा श्वास टाकला, एक म्हातारी तर डोळे पुसता पुसता हसलीसुद्धा. "चला, जीव भांड्यात पडला."

एर्मिंडा हसली नाही. "माझी पोर त्याच बसमध्ये होती," ती म्हणाली.

ती ओरेस्तेसकडे वळली.

"आत बघितलंस तू?"

"डोकावलो होतो. कोणी दिसलं नाही."

"चिखल भरलाय म्हणालास."

"हो."

"म्हणजे चिखलाखाली बघितलं नाहीस."

तो उठला, भिंतीशी टेकवलेली दोन फावडी घेतली आणि चालू लागला. एर्मिंडा त्याच्या मागोमाग.

पुलाखाली पाणी कमरेपर्यंत उतरलं होतं. बस टपावर पडली होती, चाकं आभाळाकडे. ओरेस्तेस खिडकीतून आत शिरला आणि उपसायला लागला. एर्मिंडानं फावडं टाकून दिलं. पोरीला लागेल म्हणून ती हातांनीच चिखल ओढत होती. हाताला मऊ काही लागलं की तिचा श्वास अडे. एक उशी निघाली. एक गोधडी निघाली, ती तिनं घडी न घडी उलगडून बघितली. बाकाच्या कापडाखाली काही गोल लागलं तेव्हा तिनं डोळे मिटले. "तू बघ," ती म्हणाली. ओरेस्तेसनं बघितलं. "भोपळा आहे, बाई." नखं तुटून रक्त येत होतं. सगळा तळ मोकळा झाला तरी पोर मिळाली नाही. पण त्यानं काय होतं? नदी पुढं समुद्रापर्यंत जाते.

ती पात्रात पुढं निघाली. ओरेस्तेसनं तिला मागून कवेत धरून थोपवलं. ती चावली तरी सोडलं नाही. त्या झटापटीतच त्याचं लक्ष वर गेलं. वळणावरच्या टेकडीवर, कबरस्तानात, धूर दिसत होता.

दोघं टेकडी चढून गेली. बसमधली सगळी माणसं तिथं होती. पूल हलतोय हे लांबूनच बघून नोल्बेर्तोनं सगळ्यांना वळणावर उतरवलं होतं. एका कबरीच्या आडोशाला उबरलिंडा बसली होती आणि तिच्या मांडीवर, साखरपाण्यात बुडवलेला रुमाल चोखत, रोसाल्बा. एर्मिंडानं पोरीला उचललं, अंगावर पाजायला घेतलं आणि आता कुठं तिला रडू फुटलं.

उबरलिंडा ओरेस्तेसच्या चिखलानं माखलेल्या कपड्यांकडे बघत होती. "नोल्बेर्तो रिकामी मिक्रो घेऊन परत वर गेला. राहिलेल्यांना आणायला. तुला दिसली का कुठं?"

ओरेस्तेसनं या खेपेला शब्द नीट पारखून घेतला. "दिसली," तो म्हणाला. "पुलाखाली. आम्ही सगळी उपसली. आत कोणी नाही."

"मग उतरला असेल," उबरलिंडा म्हणाली. "पोहता येतं त्याला."



नोल्बेर्तो खालच्या जैतुनांच्या बागेत सापडला, पाणी पूर्ण उतरल्यावर. एर्मिंडानं पोरीला मिरेयाकडे ठेवलं आणि उबरलिंडाबरोबर त्याला धुवायला बसली. चिखल कानांतून निघता निघेना. उबरलिंडानं कितीदा तरी पाणी बदललं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "सकाळी पाव ठेवला होता त्याच्यापुढं. आल्यावर खातो म्हणाला."

एर्मिंडानं तिच्या हातातला कपडा घेतला आणि पिळून परत दिला.