तीनदा घेतलेली चाचणी

माझ्या भाचीनं, मायानं, थर्माकोलचं विमान बनवलं होतं. पोटात फुलांचा कप्पा. रिमोटवरून तो उघडला की पाकळ्या खाली. दोन हजार आठ साली कवठे येमाईच्या अलीकडच्या आमच्या गावात, ग्रामपंचायतीवर वायरलेस इंटरनेट आलं आणि उद्घाटनाला सभापती यायचे ठरले. सरपंच हरिबा आप्पांची हौस हेलिकॉप्टरातून पुष्पवृष्टीची, ऐपत थर्माकोलची. ते मायाला म्हणाले, "पोरी, साहेबांवर फुलं पाड. कॉम्प्युटरवरची नोकरी तुझीच."

मायाला ती नोकरी हवीच होती. आयटीआय करून दोन वर्षं घरी बसली होती आणि आता घरात रोज स्थळांच्याच गोष्टी चालायच्या.

मी दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात तीस वर्षं काढली. चाचणीशिवाय काही सोडायचं नाही, हे अंगात भिनलेलं. म्हणून त्या सकाळी तिला तीनदा विमान उडवायला लावलं. तिन्ही वेळा फुलं बरोबर साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर. मी मिशीला पीळ दिला.

नेट तेव्हा बंद होतं. बसवून आठ दिवस झाले होते, पण साहेबांच्या आधी कुणी चालू केलं तर साहेबांचा अपमान! आप्पांनी नेटच्या डब्याला रिबीनच बांधून टाकली होती.

साहेब दोन तास उशिरा आले. नारळ झाले, शाली झाल्या, भाषणं झाली. मायानं विमान उडवलं, ते झोकात मंडपावर आलं, साहेबांनी रिबीन कापून नेटचं बटण दाबलं, टाळ्या पडल्या आणि विमानानं मायाचं ऐकणं सोडलं. गिरकी घेऊन ते थेट स्टेजवरच्या सत्काराच्या टेबलावर आपटलं. फुलं उडाली ती सगळी आप्पांच्या डोक्यावर.

नेट बसवणारा नवनाथ माझ्या कानाशी लागला. "मामा, तिचा रिमोट आन् आपलं नेट, दोन्ही एकाच लहरीवर चालत्यात. अँटेना तर मंडपाच्या डोक्यावरच हाय. पोरीची काय चूक न्हाई."

"मग माईकवर सांग की!"

"साहेबांचं नेट इमान पाडतं म्हणून? मला हितंच कामं करायचीत, मामा."

मीच आप्पांकडं गेलो. ते केसांतल्या पाकळ्या काढत होते. "शंकरराव, नेट साहेबांनी चालू केलंय. त्यात खोट निघंल व्हय? पोरीला म्हणावं, माईकवर चूक कबूल कर आन् उद्यापास्नं कामाला ये. न्हाईतर ऱ्हाऊ दे."

माझं डोकंच फिरलं. "चल घरी," मी मायाला म्हणालो. तिनं रिमोट माझ्या हातात दिला आणि ती स्टेजवर चढली.

"चूक माझीच हाय," ती माईकवर म्हणाली. "सकाळी तीनदा उडवलं, तीनदा बरोबर उडालं. पर तवा नेट बंद हुतं. साहेबांनी बटण दाबल्यावर काय हुईल, त्येची चाचणी घ्यायची ऱ्हायली."

मग साहेबांनीच टाळी वाजवली. "प्रामाणिक पोरगी आहे!" त्याबरोबर सगळ्यांनी वाजवल्या, आप्पांनी सगळ्यांत जोरात. नोकरी तिथल्या तिथं जाहीर झाली.

मीही टाळ्या वाजवल्या, पण मान वर करवेना. सकाळी ती मला म्हणाली होती, "मामा, एकदा नेट चालू करून उडवू या का?" आणि मी, तीस वर्षं सिग्नल तपासलेला माणूस, तिच्यावर खेकसलो होतो, "साहेबांच्या आधी? येडी हायस का?"