उजव्या कमरेची जागा

"मला जाकीट दे," उस्ताद म्हणाले आणि माझे कान टवकारले.

मी पोलीस ठाण्याच्या शस्त्रकोठीत बसतो. संशय घेणं हे माझं काम, आणि खरं सांगायचं तर आवडही. बायको म्हणते, तुम्ही स्वतःच्या सावलीकडूनही सही घ्याल.

त्या आठवड्यात नवीन सामान आलं होतं. पिस्तूल, बेड्या, बॅटरी, वायरलेस हे सगळं कमरेच्या पट्ट्यावर बाळगायचं की छातीवरच्या जाकिटावर, ते ज्याने त्याने फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. तरुण मंडळी जाकिटावर तुटून पडली. आरशात छाती रुंद दिसते ना. पण उस्ताद? आम्हा सगळ्यांना पिस्तूल काढायला त्यांनीच शिकवलेलं. "झोपेतून उठवलं तरी हात जिथे जाईल, तिथेच पिस्तूल. उजवी कमर. बाकी सगळी नाटकं," हे त्यांचं वाक्य आम्हाला तोंडपाठ होतं. शिवाय माझी भाची त्यांच्याच गाडीत गस्तीला असते, त्यामुळे त्यांच्यावर माझा एक डोळा जरा जास्तच.

"पट्ट्याला काय झालं, उस्ताद?"

"कंबर धरते रे. आणि पिस्तुलाची मूठ डाव्या हाताकडे येऊ दे."

"डाव्या? ते का?"

"तू कोठीवाला आहेस की माझी सासू?"

कुठेतरी पाणी मुरत होतं. संध्याकाळी सगळे जण पिस्तूल काढून, रिकामं करून माझ्यापुढे ठेवतात. उस्ताद मात्र चार महिने अख्खा पट्टाच सोडून टेबलावर ठेवत होते. पिस्तूल बदललं की काय म्हणून मी गुपचूप नंबर ताडून पाहिला होता. तो बरोबर निघाला, तेव्हा माझा संशय आणखीच वाढला.

त्यांनी जाकीट चढवलं. मी छातीवर सरावाचं लाकडी पिस्तूल अडकवलं, बंद लावून दिले. ते दाराकडे वळले तेवढ्यात मी टेबलावर थाप मारून ओरडलो, "काढ!" सरावाला तेही असेच मागून ओरडायचे.

त्यांचा उजवा हात थेट उजव्या कमरेवर गेला. तिथे काहीच नव्हतं. बोटं उघडली आणि तशीच राहिली, मिटेनात. अंगठा तर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बाजूला लटकत होता. डावा हात जागचा हललाही नव्हता.

"चार महिने झाले," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एका सकाळी हातातून कप सुटला. डॉक्टर म्हणतात, नस गेली."

"उस्ताद, माझी भाची तुमच्या भरवशावर गाडीत बसते."

"म्हणून तर जाकीट मागितलं. डाव्याला शिकवत होतो. रोज आरशासमोर पन्नास वेळा काढतो. निवृत्तीला दीडच वर्ष उरलंय रे. ते टेबलामागे नव्हतं काढायचं."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. चार महिने मी पिस्तुलाचा नंबर बघत बसलो, हाताकडे पाहिलंच नाही.

"कुणाला सांगशील?"

असं विचारून त्यांनीच माझ्यापुढचा फॉर्म ओढला. 'पट्टा की जाकीट' याच्यापुढे डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या वाकड्या अक्षरात लिहिलं: काही नको. कारण: उजवा हात निकामी.

मग ते जाकिटाचा बंद सोडू लागले. एका हाताने तो सुटेना. नऊ वर्षांत मी कामाच्या वेळी कुणासाठी टेबल सोडलं नव्हतं. उठून बाहेर आलो आणि दोन्ही बंद सोडवले.

"तपासून घे. नाहीतर रात्री झोप यायची नाही तुला."

मी जाकीट तसंच खुंटीला लावलं.

ते व्हरांड्यातून चालत गेले. कमरेला पट्टा नव्हता, तरी उजवं कोपर अंगापासून चार बोटं दूर धरलेलं होतं, पिस्तुलाला जागा सोडून.