लाखीचे तिसरे रक्त

लाखीच्या मानेवरची शीर मी तिसऱ्यांदा अंगठ्याने दाबली, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. पहिल्या वेळी तिने खुंटा हलेल असा हिसका दिला होता. दुसऱ्या वेळी नुसती मान वळवली होती. आता ती उभी राहिली, आणि सुई आत गेल्यावर तिच्या कातडीवरून एक बारीक थरथर मागच्या पुठ्ठ्यापर्यंत गेली, एवढेच.

"आणखी किती रक्त काढता बाप्पा?" सिंधुताईंनी विचारले. दावे त्यांनीच धरले होते. "गाभण आहे ते. मागच्या खेपेले तं म्हणत होते, झालं आता."

"शेवटचं, काकू. खात्री करायची आहे."

"कायची खात्री? कोणाची?"

मी नळीत चढणाऱ्या रक्ताकडे पाहत राहिलो.

उंबऱ्यावर सिंधुताईंचे यजमान देवाजीकाका बसले होते. गाय त्यांच्यापासून दहा पावलांवर होती आणि ती दहा पावले ते पंधरा दिवसांत चालले नव्हते. वैरण सिंधुताई टाकत, धार सिंधुताई काढत. कॅम्प नावाच्या कामगारवस्तीतल्या त्या चिंचोळ्या अंगणात लाखी अधूनमधून उंबऱ्याकडे तोंड करून हंबरे आणि काका आत उठून जात.

"तिले हात नाही लावत ते," सिंधुताई हलक्या आवाजात मला म्हणाल्या. "आंघोळी करून राहिले दिवसातून चार-चार. म्हणतात, माह्याच हातानं गेली ती पाडसं."

देवाजीकाका एकोणीस वर्षे हरणवनात चितळांना चारा घालत होते. नोकरी ठेकेदाराची, आज आहे, उद्या नाही म्हटले की नाही. तिथे एक नियम होता: ज्याच्या घरी गाय-म्हैस असेल, त्याने कळपात जायचे नाही. काकांनी तो दोन वर्षे मोडला होता. भंडाऱ्याकडचे गाव सुटले, शेती सुटली, पण गोठ्याचा वास सुटला नाही, म्हणून त्यांनी कोणाला न सांगता एक कालवड आणून बांधली होती. कळपात लाळ्या-खुरकूत शिरला, चितळांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, आणि दोन दिवसांत चार पाडसे उभ्या उभ्या कोसळली. या आजारात लहान जनावराचे हृदयच थांबते. त्याच संध्याकाळी कोणीतरी लाखीबद्दल बोलले आणि काकांचे काम सुटले. त्यानंतर चौकशीची गरज कोणाला वाटली नाही. फक्त पुरावा हवा होता, आणि तो आणण्याचे काम माझ्याकडे आले.

मी प्रयोगशाळेत संशोधन सहायक आहे. पाळीव जनावरांचे आजार रानातल्या जनावरांपर्यंत कोणत्या वाटांनी पोचतात, हा आमच्या प्रकल्पाचा विषय. त्यातली एक वाट मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

चितळे आजारी पडण्याच्या चार दिवस आधी, मंगळवारी, मी सकाळी कुम्हारीला गेलो होतो. तिथे सुशीलाकाकूंचे खटाल आहे, वीसेक म्हशींचा दुधाचा गोठा. माझे वडील आणि त्यांचे यजमान कारखान्यात एकाच पाळीला होते. त्या नात्याने त्यांनी फोन केला. "सुगत, एक म्हैस तोंड उघडून नाही राहिली गा. पाहून जा ना जाता जाता." त्या दिवशी मला कळपात जायचे होते. अशा दिवशी खुरांच्या दुसऱ्या जनावराजवळ फिरकायचे नाही, हे मी स्वतः इतरांना शिकवतो. पण नाही म्हणताना समोरच्या माणसाचा जो चेहरा होतो, तो मला लहानपणापासून बघवत नाही. मी गेलो.

म्हशीची जीभ बुळबुळीत असते. ती हाताने धरता येत नाही, फडक्यात गुंडाळून बाहेर ओढावी लागते. मी पिशवीतला गमछा काढला आणि तिची जीभ धरली. जिभेवर फोड होते. एकाची साल माझ्या बोटाखाली निघाली. मी हात तीनदा धुतले, बूट औषधाच्या पाण्यात बुडवले, कपडे बदलले. गमछा ओला होता, तो घडी करून परत पिशवीत ठेवला.

हरणवनात, चितळांचे नमुने घेण्यासाठी रायपूरहून आलेले गुंगी देणारे पथक खोळंबले होते. पहिली मादी गुंगीचा बाण लागून खाली बसली तशी प्रयोगशाळेतल्या माझ्या वरिष्ठ प्रेरणा मॅडम म्हणाल्या, "सुगत, डोळ्यांची पट्टी." गुंगीतल्या हरणाचे डोळे झाकावे लागतात; उजेड दिसला तर ते भीतीनेच मरते. पट्टी मी प्रयोगशाळेत विसरलो होतो. बारा माणसे माझ्याकडे पाहत होती. पट्टी नाही, आणि मी आजारी म्हशीच्या गोठ्यातून आलो आहे, मला फाटकाबाहेर काढा, एवढी दोन वाक्ये मला बोलायची होती. मग एकजण हसून म्हणाला, "अरे, कुछ भी बांध दे यार," आणि मी पिशवीत हात घातला.

त्या दिवशी त्या एकाच गमछ्याने सात चितळांचे डोळे झाकले गेले. त्यांच्या पापण्या कापडाखाली फडफडताना माझ्या तळहाताला लागत होत्या. मला ते फार सुंदर वाटले होते, हे मी लपवत नाही.

लाखीच्या कानात सरकारी लशीचा बिल्ला होता. लस टोचलेल्या आणि आजार होऊन गेलेल्या जनावराच्या रक्तात वेगवेगळ्या खुणा राहतात. आजाराची खूण असेल तर चाचणीच्या ताटलीतल्या छोट्या घरात रंग चढतो. पहिल्या रक्तावर रंग चढला नाही. मी मॅडमना म्हणालो, खूण उमटायला आठ-दहा दिवस लागतात, पुन्हा पाहू. ते खरेच होते. शास्त्र कधी कधी भित्र्या माणसाला फार आदराने आडोसा देते. दुसऱ्या रक्तावरही रंग चढला नाही.

तिसऱ्या रक्ताला कोणतेही कारण नव्हते. ते मी माझ्यासाठी काढले. ती नळी पिशवीत घेऊन मी स्कूटरवरून परतत होतो, उड्डाणपुलावरून दिसणाऱ्या कारखान्याच्या चिमण्यांचा धूर वसाहतीच्या सेक्टरांमधल्या झाडांवर उतरला होता, आणि मी मनात एकच म्हणत होतो: या वेळी चढू दे. त्या गाभण, निरोगी गाईला आजार झालेला असू दे. म्हातारा म्हणतो तेच खरे निघू दे, त्याच्याच हाताने ती पाडसे गेली असू देत. घरी आल्यावर मला हे वाक्य नीट ऐकू आले आणि मी जेवलो नाही. आईला वाटले, ऊन लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचणी झाली. लाखीची घरे पाण्यासारखी नितळ राहिली.

प्रेरणा मॅडमनी कागद पाहिला. "म्हणजे गाय नाही. लिही, संसर्गाचा स्रोत अनिश्चित."

"मग देवाजीकाकांचं?"

"ठेकेदारानं आधीच सांगितलंय, अनिश्चित म्हणजे सुटला असं नाही. नियम तर मोडलाच ना त्यांनी. घेणार नाही परत." त्या दुसऱ्या कागदाकडे वळल्या. "वाईट वाटतं रे. पण आपण काय करणार?"

मी उभाच राहिलो. मग सांगितले. फार वेळ लागला नाही. जे सतरा दिवस वाहिले ते चार वाक्यांत मावले, याची मला लाज वाटली.

मॅडमनी पेन टोपणात घातले. "गमछा कुठे आहे?"

"धुतला. उकळून."

"कधी?"

"पहिलं पाडस गेलं त्या दिवशी."

"म्हणजे त्या दिवशीच तुला कळलं होतं." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "सिद्ध होणार नाही ते आता, माहीत आहे ना? गप्प बसला असतास तर कोणालाही कळलं नसतं."

"हो."

"सुशीलाबाईंच्या खटालाची खबर पशुसंवर्धन खात्याला आत्ता देते. तू सगळं लिहून दे, तारखेसकट. प्रकल्पात राहशील की नाही ते माझ्या हातात नाही." मग, माझ्याकडे न पाहता: "आणि ते म्हातारे? त्यांना कोण सांगणार? मी नाही सांगणार, सुगत."

मी गेलो तेव्हा देवाजीकाका उंबऱ्यावर होते. सिंधुताई लाखीखाली झाडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळे सांगितले: कुम्हारी, जीभ, गमछा, सात चितळे. सिंधुताईंच्या हातातला खराटा थांबला. काका माझ्या ओठांकडे पाहत होते, जणू मी दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगत होतो.

"लाखीले काही नाही?" त्यांनी विचारले.

"काही नाही, काका. कधीच नव्हतं."

"तुले कवापासून माहीत?"

"पाडसं गेली तेव्हापासून."

"आन् तू येऊन तिचं रक्त काढत होता."

"हो."

"तीनदा."

"हो, काका."

"कावून गा?"

मी म्हणालो, "वाटत होतं, तिचंच निघावं."

सिंधुताई खराटा टाकून पुढे आल्या. "अरे सुगत, माणूस आहेस का कोण आहेस तू? हा माणूस पंधरा दिवस जेवला नाही धड! घरात शिरताना पाय धुते, बाहेर जाताना पाय धुते. तू इथं अंगणात उभा राहून पाहत होता ना रे सगळं? आन् काकू-काकू करत होता!"

"थांब व तू," काका म्हणाले. ते उठले. भिंतीला हात लावत अंगण ओलांडून गेले आणि लाखीच्या कपाळावर तळहात ठेवून उभे राहिले. ती त्यांच्या सदऱ्याची बाही चाटू लागली. बराच वेळ त्यांची पाठच मला दिसत होती. मी निघावे की थांबावे, हे मला ठरवता येईना.

"मी सगळं लिहून देणार आहे," मी म्हणालो. "सही करून. तुमच्या ठेकेदारालाही कागद जाईल."

"कागद साहेब लोकाइचा." त्यांनी मान वळवली नाही. "तिथं रामलाल आहे, बिसाहू आहे, ते नवीन पोट्टे आहेत. डबा घेऊन उठून जात होते माह्याजवळून शेवटच्या दिवशी. ते का कागद वाचतात? सकाळी साडेसातले फाटकापाशी सारे जमतात, हजेरीले. तिथं येऊन बोल."

"सगळ्यांसमोर?"

"मंग माहं नाव का एकट्यात गेलं होतं?"

सकाळी फाटकापाशी सोळा माणसे होती. सायकली कुंपणाला टेकवलेल्या, कोणी तंबाखू मळत होते, मुकादम वही उघडून उभा होता. देवाजीकाका धुतलेला सदरा घालून आले होते आणि सगळ्यांपासून थोडे दूर, रस्त्याच्या कडेला थांबले होते. आतून चितळांचा एक आवाज आला आणि त्यांनी झटकन तिकडे पाहिले, मग पुन्हा खाली.

मी मुकादमाला म्हणालो, मला दोन मिनिटे बोलायचे आहे. त्याने हातानेच सगळ्यांना गप्प केले. सोळा चेहरे माझ्याकडे वळले. मी माझे नाव सांगितले. म्हणालो की चितळांना आजार देवाजीकाकांच्या गाईकडून आला नाही. माझा आवाज मलाच कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता, आणि पुढे उभ्या असलेल्या एकानेही कानामागे हात धरला.

"जोरानं बोल गा," रस्त्याच्या कडेवरून देवाजीकाका म्हणाले. "मागच्याइले ऐकू नाही येऊन राहिलं. पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सुरुवात केली.